तिसरा आकडा

नऊ ओळी होत्या.
वणीच्या जिनिंगमधे, काट्याच्या खोलीत,
टिनाखाली पंखा नुसताच गरगरत असताना लिहिलेल्या.
भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा,
ओलीची कपात वजा,
उरेल त्याचे क्विंटल.
सगळ्यांत वरची ओळ मशीन वाचत नाही, माणसंच वाचतात:
बिनधास्त वापरा. — निखाडे, वणी.

पहिल्यांदा गजू डाखोरेनं नेल्या पांढरकवड्याला,
गाडीच्या किल्लीला लटकवलेल्या पेनड्राइव्हमधून.
"काहून पुन्हा डोकं खाजवत बसू? तुह्यंच टाकतो."
टाक ना बाप्पा, म्हटलं, त्याचे काय पैसे पडते?
इम्तियाजनं घाटंजीहून स्क्रीनचा फोटो मागितला.
झरीच्या पोराला तर फोनवरच सांगितल्या,
तो रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढलेला.
कंस उघड.
उघडला.
भागिले शंभर.
हाव.
आता कंस बंद कर.
कोणता जी, आतला का बाहेरचा?

पुढं मी विचारणं सोडलं, कुठं कुठं गेल्या ते.
एकदा राळेगावात चहा पिताना
अनोळखी काट्याच्या काचेमागे दिसल्या.
माझ्याच.
क्विंटलचं मी घाईत क्विटंल केलं होतं, टिंब एक घर पुढं,
ती चूक तिथंही होती,
बापाचं नाक घेऊन आलेल्या लेकरासारखी.
मी दुसरा चहा सांगितला.

सातव्या हंगामात मारेगावहून फोन.
"सर, मी सुवर्णा पेंदोर. तुमी मले ओळखत नाही.
फाइलीत नाव होतं तुमचं.
सर, तिसरा आकडा कुठे जाते?"

कौसल्याबाई टेकाम पावती मानत नव्हती.
वहीच्या मागल्या पानावर तिनं पेन्सिलीनं भागून पाहिलं होतं:
बारा दशांश चार सहा सात.
पावतीवर बारा दशांश चार सहा.
मालक म्हणाला, कॉम्प्युटर चुकते काय बाई?
बाई तिथंच बसून राहिली, वही मांडीवर.

आणि सुवर्णा माझ्या नऊ ओळींत उतरली.
सहाव्या ओळीत एक शब्द
जवळच्या आकड्याकडं न्यायचं सोडून
दर वेळी खालीच कापत होता.
कधी दोनशे ग्रॅम, कधी नऊशे, कधी काहीच नाही.
त्या गाडीचे सातशे.
"तान्ह्या लेकराची उशी होते सर तेवढ्यात," ती म्हणाली.
आवाज चढवला नाही.

रात्री गुणाकार मांडला.
हंगाम सात. एका काट्यावर गाड्या इतक्या.
काटे किती?
तिथं पेन थांबलं.

तिनं दहा ओळी परत पाठवल्या.
एक शब्द बदललेला. माझ्या नावाखाली तिची ओळ:
तिसरा आकडा पाहून घ्या. — सु. पेंदोर, मारेगाव.
क्विटंल तिनं तसंच ठेवलं होतं.
"ते सुधरवलं असतं तर बाकीचं बंद पडलं असतं, सर."

गजूनं फोन चालू असतानाच शब्द बदलला, मला दोन शिव्या दिल्या.
इम्तियाज नागपूरला निघून गेलाय, त्याच्या खुर्चीवरचा पोरगा म्हणतो
चालते ना, मंग काहून हात लावता?
झरीचा म्हणाला, मी तर तिघाले देल्या जी,
एकाचं नाव आठवते, त्यानं नोकरी सोडली.

म्हणून हल्ली कापसाच्या गाड्यांची रांग दिसली
की मी मोटरसायकल बाजूला लावतो.
काट्याच्या खिडकीत वाकून म्हणतो, भाऊ, एक शब्द शोधता का फाइलीत?
क्विटंल.
हो, चुकीचाच. ट वर टिंब.
नसला तर बरं झालं, मी निघतो.
असला तर जरा सरका,
दोन मिनिटांचं काम आहे.