आडवं व्होल्टेज

अकराच्या पुढं वडगावचे माग गप्प होतात,
दुसऱ्या गेटावरनं मालगाडी निघून जाते,
तेव्हा कुठं मीटरवरचे शेवटचे दोन आकडे
नाचायचे थांबतात.
‘बसा की आता,’ गिरिजा त्यांना म्हणते.

नखाएवढी सिलिकॉनची कपची.
तिच्यावर प्लॅटिनम, कोबाल्ट, टँटलम;
कोबाल्टचा थर पाच-सहा अणूंचा,
त्याला जाडी म्हणायचं ते कागदापुरतं.
आत भोवरे असावेत:
मध्यावर खाली मान घातलेले काटे
कडेपर्यंत वळत वळत वर बघणारे,
सगळे एकाच हाताचे.
डोक्यावरच्या केसांत असतो तसा भोवरा,
कितीही तेल लावा, कंगवा फिरवा,
सरकतो फार तर. जात नाही.
(मला दोन आहेत. आत्या म्हणायची, दोन लग्नं होणार.
एकाचीच मारामार.)

दिसत नाहीत ते. दाखवणारं यंत्र इथं नाही.
म्हणून प्रवाह सरळ सोडायचा
आणि व्होल्टेज आडवं मोजायचं,
आतल्या वळणानं इलेक्ट्रॉन किती कडेला ढकलला.
गिरिजाचे अप्पा चिमटीत धागा धरून
डोळे मिटून सांगतात, पीळ डावा की उजवा.
आम्हाला त्याच कामाला
तीन लाखांचं मीटर लागतं, आणि रात्र.

मंगळवारी कुबड आलं.
क्षेत्र उणेकडनं अधिककडे जाताना,
शून्य ओलांडल्यावर, रेषेच्या पाठीवर एवढंसं.
गिरिजानं टेबलावर थाप मारली, ‘बंतु नोडु!’
मी कुंदा आणायच्या गोष्टी केल्या.

सर म्हणाले, थांबा.
फिल्म सगळीकडं सारखी नसेल.
एक भाग अधिक बोलतो, एक उणे,
उलटायची वेळ दोघांची मागं-पुढं.
दोन साध्या रेषांची बेरीज झाली
तरी असंच कुबड दिसतं,
भोवरा नसतानाही.

तेव्हापासून झोप नाही असं नाही; झोप येते.
पण पुण्यात तोंडी परीक्षेला एकानं विचारलेलं आठवतं,
तुमची मराठी अशी का हो लागते?
‘काय करायलाय’ म्हणता, ‘होय की’ म्हणता,
आणि आकडे मोजताना ओठांत
ओंदु, एरडु हलतं.
तेव्हा म्हटलं होतं, आमच्याकडं दोन्ही आहेत.
बेरीज. सोपं उत्तर.
आता खात्री नाही.
दोन सरळ गोष्टी एकावर एक पडल्यात,
की आत खरंच काही वळलंय
जे विंचरून निघणार नाही?

ओळखायची एक रीत आहे म्हणे:
टोकापर्यंत न जाता अर्ध्यातनं परत फिरायचं,
रेषा गेल्या वाटेनंच येते का बघायचं.
गिरिजानं क्षेत्र अर्ध्यावर थांबवलं, मागं वळवलं.
नऊ बिंदू उमटले.
दहाव्याला लाईट गेली.

अंधारात पंप घरघरत मंद होत गेला.
ती खुर्चीतनंच म्हणाली, ‘नाळे नोडोण.’
मी होय की म्हटलं,
आणि डोक्यावरनं हात फिरवला, उगाच.