चहा नको

काठी कठड्यावर वाजवत चढू नकोस, ढवण.
वरच्याला कळतं कोण येतंय,
आणि चौथ्या मजल्यापर्यंत त्याला वेळ मिळतो
शर्ट घालायला, टीव्ही लावायला,
तिला तोंड धुऊन घे म्हणायला.

लिफ्ट बंद आहे. असतेच.
प्रतीक्षानगरात बावीस वर्षं जिने चढतेय मी,
गुडघे गेले, कान तेवढे तयार झाले.
भांडं पडल्याचा आवाज वेगळा,
फेकल्याचा वेगळा,
आणि नुसतं पाणी घालून ठेवलेल्या कुकरची शिट्टी,
शेजारच्यांना दुसरं काही ऐकू जाऊ नये म्हणून,
ती तर फारच वेगळी.

दार तोच उघडेल. हसेल.
मॅडम, कोणीतरी उगाच फोन केला, म्हणेल.
कोणी केला ते सांगायचं नाही.
शेजारणीच्या दाराकडे नजरसुद्धा न्यायची नाही,
तिला उद्या याच पॅसेजमध्ये कपडे वाळत घालायचेत.

गुरव त्याला जिन्यात घेऊन जाईल,
गाव कुठलं, ड्युटी कुठे, असलं काहीबाही विचारत राहील.
तू आत जा.
ती खाली बसली असेल तर तूही खाली बस.
मारलं का, असं विचारू नकोस, नाही म्हणेल.
विचार, जेवलात का.
विचार, रात्री कडी कोण लावतं, आतून की बाहेरून.
कानामागे बघ. दोन्ही हातांतल्या बांगड्या मोज.
मूल जागं असेल तर त्याला साक्षीदार करू नकोस,
ते आधीच आहे.

ती लिहून देणार नाही बहुतेक.
तू लिही.
काय दिसलं, किती वाजता, कुठल्या हाताला.
एकदा नोंद झाली
की पुढची वेळ पहिलीच वेळ ठरत नाही.
सांभाळून घ्या, हे शब्द तुझ्या तोंडून आले
तर खाली जाऊन गाडीत बस.

आणि चहा.
तो म्हणेलच, अगं, मॅडमना चहा टाक.
घ्यायचा नाही.

दोन हजार अकरा. पलीकडची विंग.
रेवती कासकर.
डायरीत आधी कासार लिहिलं मी, मग खोडलं.
दिवसभर बंदोबस्त, बुटात पाय मावेनात,
नवऱ्याने खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला,
आणि मी बसले.
तिने चहा केला.
पातेलं डाव्या हाताने उतरवलं, वेडंवाकडं,
गाळणी धरायला दुसरा हात आलाच नाही.
पदराखाली होता.
निम्मी पत्ती कपात आली.
मी पाहिलं.
पाहिलं, ढवण, आणि फुंकर मारून प्यायले.
आलं घातलं होतं. छान झालाय, असंही म्हणाले.
मग दोघांना समोर बसवून
भांड्याला भांडं लागतंच वगैरे,
आईकडून ऐकलेलं सगळं.
एनसीसुद्धा नको म्हणाली ती. मला बरंच वाटलं.
एका ओळीत संपवलं: आपसात मिटले.

पुढे काय झालं विचारू नकोस.
महिन्याने माझी मीच गेले, साध्या कपड्यांत.
खोलीला कुलूप, कडीला दुधाची पिशवी अडकवायचा हूक रिकामा.
कोणी म्हणालं वसईला गेले,
कोणी म्हणालं ती एकटीच गेली,
एक बाई काही न बोलता माझ्या चपलांकडे बघत राहिली.
तिचा फोन नंबरही मी घेतला नव्हता.

तू घे. पाठ कर, कागदावर नको.
उद्या अकरा वाजता कर, तो कामावर गेला की,
आणि आवाज ओळखीचा वाटला नाही
तर चुकून लागला म्हण आणि पुन्हा इथे ये.

हा चौथा.
थांब, दम घेऊ दे.
शिट्टी ऐकलीस?
भाताचा वास येतोय का तुला? डाळीचा?
मलाही नाही.
बेल वाजव.