सांधा

मे महिन्यातली दुपार. लष्करात, नया बाजाराच्या मागे,
देवघरासमोरच्या दोन फरश्या
फटाका फुटावा तशा उठल्या
आणि एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या,
खाली पोकळी, जेमतेम उंदीर मावेल एवढी.

हलके कारीगर आला, उकिडवा बसला,
नखानं सिमेंट खरवडून म्हणाला,
"वहिनी, सांधाच ठेवला नाही कुणी.
तापल्या, फुगल्या. जाणार कुठं? वर."

ताम्हनातला शाळिग्राम घरंगळून कोपऱ्यात गेलेला.
मी पदरानं पुसला. गंडकीतला,
सासूबाईंबरोबर या घरात आलेला.
पोटात शंखासारखा वळसा.
हा कधीकाळी जीव होता, पोहत होता
दोन भूमींच्या मधल्या समुद्रात.
भूमी सरकत आल्या. समुद्र
घडी होऊन आभाळाला लागला,
बर्फाखाली गेला.
तिथंही कुणी सांधा ठेवला नव्हता.

आणि अजून चाललंच आहे. आपणही,
हा किल्ला, त्याची टेकडी, हलकेची सायकल,
वर्षाला दोन पेरं उत्तरेकडे,
जागचे न हलता.

"किती सोडू?" त्यानं विचारलं.
मी करंगळी दाखवली.
मग जाऊबाईंच्या बंद दाराकडे बघून
अंगठा.