दुसरं अंडं

जूनमध्ये ड्राकेन्सबर्गच्या पायथ्याशी
गवत काचेसारखं मोडतं बुटाखाली.
अशा गारठ्यात कशाला घालतात अंडी, देव जाणे.
दलदलीच्या मधोमध वाळल्या लव्हाळ्यांचा ढीग,
भोवती पाण्याचा खंदक,
आणि त्यावर उबामुक्वे, माझ्या खांद्याएवढा करकोचा,
हनुवटीखाली दोन पांढरे लोलक.

अंडी दोन. वाढवणार एकच.
पहिलं फुटलं की दोघं त्या पिल्लाला घेऊन चालू लागतात
चिखलातले कंद उकरत,
मागे वळून बघत नाहीत.
ते उठायच्या आत आम्ही पोचतो.

कोमट पाण्यात सोडलं तर अंडं डुगडुगलं.
आत कुणीतरी होतं.
"चोरी आहे ही," काठावरून भेकोक्वाखे म्हणाला,
गुरं राखता राखता ज्याचे केस पिकले.
टाकलेलं उचललं तर चोरी कशी, मी विचारलं.
तो थुंकला. "टाकलेलं नाही. मोजून ठेवलंय."
त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

माझं नाव खेथुकुथुला. म्हणजे, शांतता निवड.
आईनं ठेवलं तेव्हा बाहेर गोळ्या चालत होत्या.
आता पिंजऱ्याच्या आत मी तोंडातून अक्षर काढत नाही.
पांढरा झगा, चेहऱ्यावर जाळी,
उजव्या हातावर करकोच्याचं डोकं,
लांब चोच, गाल लाल रंगवलेले, लोलक कापडाचे.
पिल्लाला माणूस कळता कामा नये.
माणूस आवडला तर संपलंच,
विजेच्या तारांपेक्षा वाईट.

म्हणून चोचीनं अळी उचलते, चोचीनंच पाणी दाखवते,
बेडकावर टपते, नेम चुकते.
शिंक आली तर झग्याची बाही तोंडात कोंबते.
एकदा ते माझ्या पावलावर झोपलं.
पाय बधिर झाला. हलले नाही.

पुढच्या वर्षी सोडलेल्या थव्यात दिसलं ते मला.
मी झगा न घालता, साध्या स्वेटरमध्ये, हातात डबा.
शंभर पावलांवरूनच त्यानं मान ताठ केली
आणि उडालं.
शाब्बास, मी मोठ्यानं म्हणाले.
आवाज घोगरा आला.

रात्री मुलाला भरवताना
बोटं आपोआप मिटतात चोचीसारखी,
फुथूचा घास उचलून त्याच्या ओठांशी नेतात.
तो हसतो. खातो.
मग म्हणतो, आई,
बोल ना काहीतरी.