दोन कोटेशनं

टेबलावर दोन कागद.
एकावर वर्षाला तीन लाख चाळीस हजार, अधिक जीएसटी,
चोवीस तास फोन, दहा वर्षांची हमी,
खाली निळ्या शाईत पुण्याच्या कुणाची तरी घाईतली सही.
दुसऱ्यावर माझं अक्षर:
परवाना शून्य. हमी शून्य.
आत तेच.

"आत तेच म्हणजे?"
तवनाप्पा मगदूम चष्मा कपाळावर सरकवतात.
मार्केट यार्डात सौदे उरकलेत,
त्यांच्या अंगठ्याच्या नखात अजून सकाळची राजापुरी हळद.
आत तेच, अण्णा. त्याच लोकांनी लिहिलेलं.
एक दर सहा महिन्यांनी कात टाकतं,
दुसरं जुनीच कात इस्त्री करून घालतं.

"मग तीन लाख कशाचे?"
कुणाला तरी बोल लावता येण्याचे, मी म्हणते.
कुणी हसत नाही.
भोकरे कॅशियर पंख्याकडे बघतात.

दोन्ही गोष्टी सांगितल्या मी. लपवलं काही नाही.
तोलाईच्या हिशेबात, दशांशचिन्हाच्या फटीतून
क्विंटलमागे चाळीस ग्रॅम सांडत होते रोज.
रात्री लिहिलं मी, मोडक्या इंग्रजीत,
कधी न पाहिलेल्या एका माणसाला.
सकाळी दुरुस्ती हजर. बिल नाही.
खाली फक्त एक प्रश्न:
तुमच्याकडे हळदीचा खरंच लिलाव होतो?
मी त्याला पिवळ्या ढिगांचा फोटो पाठवला,
ढिगावर झोपलेल्या कुत्र्यासकट.

आणि मार्चअखेरीला
त्याच दारावर अकरा दिवस मी थापा मारत होते.
यार्डभर हाताने पावत्या,
हमालांची तोंडं माझ्याकडे.
बाराव्या दिवशी उत्तर: माफ करा, मुलगी झाली.
आता याच्यावर कोणत्या तोंडाने चिडायचं?

अण्णा बराच वेळ गप्प.
मग एकदम हरिपूरच्या पेवावर येतात.
जमिनीच्या पोटात हळद, वर्षानुवर्षं, ना कीड ना ओल.
पण पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही.
तोंड मोकळं करून बसायचं, विडी ओढायची लांब जाऊन,
मग दोरीने कंदील सोडायचा खाली.
विझला, तर अजून थांबायचं.
"कंदील सोडायला एकच माणूस होता आमच्याकडे. हसन नायकवडी.
माती फुकटच राबायची, तिचा खर्च कधी कागदावर धरला नाही.
हसनच्या मजुरीत मात्र एका साली काटकसर केली."
पुढचं ते सांगत नाहीत.
पाण्याचा ग्लास उचलतात, न पिता ठेवतात.

ठराव क्रमांक सात.
भोकरे लिहितात: सबब, फुकट आवृत्ती घेणेचे ठरले.
फुकट खोडा, मी म्हणते. मोकळी लिहा.
"काय फरक पडतो?"
कंदील आपण सोडायचा, एवढाच.

मग पैशांवर घासाघीस, चहा दोनदा.
माझ्या हाताखाली एक पोरगं, पगारी, दिवाळीच्या आत.
आणि थोडे, अगदी थोडे,
त्या मुलगी झालेल्या माणसाला.
भोकरेंचं पेन अडतं. खर्च टाकायचा कुठल्या सदरात?
देणगी म्हणावं तर तो देव नाही,
खरेदी म्हणावी तर माल आला नाही.
वही मागे-पुढे चाळून शेवटी ते लिहितात
हमाली.
इतकं बरोबर त्यांनी आजवर काही लिहिलं नसेल.

फॉर्मवर एक रकाना उरतो: रात्री संपर्क.
तिथे माझा नंबर.
पुण्याचा कागद मी फाडत नाही,
घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवते, कुलपाच्या बाजूच्या.

सांगलीवाडीला परतताना आयर्विन पूल.
खांबावर फुटांचे आकडे,
नदी आज त्यांच्या कितीतरी खाली, आपल्याच तंद्रीत.
तरी मान वळतेच.
पर्समध्ये फोन,
आवाज पूर्ण वाढवलेला.