मोतिया, सोफिया

पानाचा कोन बघायचा, असं पुस्तकात आहे.
मोतियाचं पान दांड्यापासून ऐसपैस फाकतं,
सोफियाचं अंग चोरून वर जातं.
बाकी गवत एकच, रोशा.
लॅटिन नावही एकच,
फक्त मागे दोन वेगळ्या शेपट्या.

आमच्या कपाटात रोशाचे चाळीस कागद आहेत.
रामटेक, मनसर, देवलापार, कोंढाळीकडचा घाट,
एक सेमिनरी हिल्सचा,
जिथून तोडला तिथे आता सिमेंटचं बाक आहे.
सगळे टिपकागदांत घालून, फळ्यांमध्ये आवळून वाळवलेले.
त्यामुळे सगळ्यांचे कोन सारखे.
आवळल्यावर कोण ऐसपैस राहील?

वास घ्यावा तर डांबरगोळ्यांचा येतो म्हणतात.
मला तोही येत नाही.
तीन वर्षांमागच्या तापात नाक गेलं ते गेलं.
फोडणी करपल्याचं मला धूर दिसल्यावर कळतं.
हे विभागात कुणाला सांगितलेलं नाही,
माझं कंत्राट दर अकरा महिन्यांनी लिहिलं जातं.

बाबा गुडघ्याला रोशाचं तेल चोळायचे,
इतवारीतून चपट्या बाटलीत आणलेलं.
दुकानदार मोतियात सोफिया मिसळतो
अशी त्यांची कायमची तक्रार.
ती तक्रार मला शब्दन् शब्द आठवते.
तेलाचा वास नाही आठवत.

कार्तिकात गोरेवाड्याच्या मागच्या उतारावर गेलो,
मी आणि नर्सरीतल्या रमोतीबाई वरखडे.
त्यांचं अर्धं आयुष्य रोशाच्या भट्टीवर गेलेलं.
माझा कोनमापक पाहून त्या हसल्या.
"मोतिया एकटी राह्यते, मॅडम. उतारावर, झुबक्या-झुबक्यानं.
सोफियाले गर्दी पायजे, अन् पायाखाली ओल."
तांबूस तुरा तळव्यावर चुरला, नाकाशी नेला.
"मोतिया."
खाली नाल्याकडे पन्नास पावलं.
"सोफिया. आल्यावानी लागते घशाले."
मी लिहीत गेले.

तिसरा झुबका मधेच होता,
धड उतारावर नाही, धड नाल्यात नाही.
त्यांनी चुरला. हुंगला.
हात लुगड्याला पुसून पुन्हा चुरला.
"हे मले नाई सांगता येत. तुमी पाहा."

तळवा माझ्या नाकाखाली आला.
मी छाती भरून श्वास घेतला.
तळव्याची ऊब होती, भेगा होत्या,
एक हिरवा रेघोटा, बारीक कुसळं.
म्हटलं, "मोतिया."

त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या.
"तुमाले वास येत नाई ना?"
कशावरून?
"तुमचे डोये मिटले नाई."

तलावावरून पाणकावळ्यांची एक रांग गेली.
मला वाटलं, आता ह्या नर्सरीत सांगतील,
नर्सरीतून विभागात.
त्यांनी माझं बोट धरलं, तर्जनी,
आणि पानाच्या काखेत घातलं.
"मोतियात बोट बसते. सोफियात अडकते.
माही सासू रातच्याले असीच तोडे. वासाले काय,
दिवसभर भट्टीवर बसलं का सगळ्यायचंच नाक मरते."

वर चढून मोतियात घातलं, बसलं.
नाल्यात उतरून सोफियात घातलं, अडकलं.
मग त्या तिसऱ्यात.
अर्धं गेलं.

रात्री चिठ्ठ्या लिहिल्या.
पहिल्या दोन: ओळख, र. वरखडे, नाकाने.
तिसरीवर: ठरले नाही, पुन्हा जाणे.
खाली दोघींची नावं.
फळ्या आवळण्याआधी थांबले,
प्रत्येक पानाच्या काखेत
कापसाचा एकेक बोळा ठेवला.

चार दिवसांनी सरांनी गठ्ठा उचलला.
म्हणाले, हे तीन कागद फुगलेत,
कपाटात बसायचे नाहीत.