सुईला जीव

आमच्या गल्लीत तंबोरे येतात, सतारी येतात,
मान मोडलेला एखादा दिलरुबा येतो.
पण घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली ही पेटी
मिरजेत कुणी आणली नव्हती कधी.
जतकडून आली होती निलव्वा बिराजदार.
सांगलीच्या घड्याळवाल्यानं हातच लावला नाही म्हणाली,
तारांच्या माणसांकडं जा म्हणाला.

पितळेचं खोकं. वर काच, काचेला तडा.
आत रेशमाच्या एका धाग्याला
सुई टांगलेली असायची म्हणे;
धागा तुटून ती तळाशी पडलेली
वाळल्या अळीसारखी.
तबकडीवर परक्या अक्षरांत दोन शब्द.
हा पाणी, तिनं बोट ठेवलं, आणि हा तेल.
"तेलाचं आज्जा हसण्यावारी न्यायचे.
आपल्यात तेल घाण्यात असतंय, भुईत न्हाई."

आज्जा पाणाड्या. सिदगोंडा नाव.
उमदीपासून माडग्याळपर्यंत
सायकलच्या कॅरिअरला ही पेटी.
तिपाईवर ठेवायची, बुडबुडा मधोमध आणायचा,
मग तासभर कुणी बोलायचं नाही,
बैल लांब बांधायचे, पोरं त्याहून लांब,
बायकांनी कमरेच्या किल्ल्या काढून ठेवायच्या.
सुई हलली की नारळ.

शेवटच्या दुखण्यात तिला एकटीला सांगितलं त्यांनी,
"सुईकडं मी कवा बघितलंच न्हाई, पोरी.
वारूळ कुठल्या अंगाला, उंबर कुणीकडं कललाय,
पहाटं कुठल्या दगडाखाली ओल ऱ्हाती, ते बघायचो.
पेटी माणसांस्नी गप करायला."

मी तंबोऱ्याची खुंटी घासत राहिलो.
तंबोराही बराचसा त्याचसाठी असतो,
पण हे गिऱ्हाइकाला सांगत नाहीत.

मग तिनं वही काढली.
एका ओळीत एक विहीर: गट नंबर, फूट,
पाणी लागलं तर टिंब, नाही तर फुली.
फुल्या काही कमी नव्हत्या.
एका पानावर मात्र टिंब नाही, फुली नाही,
नुसतं एका माळाचं नाव, आणि
"खाली कोरडं. पण नाद हाय."
म्हणजे काय, ती म्हणाली. तुम्हाला कळंल म्हणून आले.

मला काय कळणार माळातलं.
दाराशी भोपळे लटकत होते, त्यातला एक पुढं केला.
वेलावर होता तेव्हा पाण्यानं जड,
दोन उन्हाळे वाळवून, बिया खरवडून,
आता डझनभर अंड्यांइतकाही भरणार नाही.
तिनं बोटाच्या पेरानं वाजवला.
कान लावला. जागा बदलून पुन्हा वाजवला,
पहार आपटून बघतात तसा.
बराच वेळ.

तंबोऱ्याच्या तारेखाली, घोडीवर,
आम्ही सुताचा एक धागा सरकवतो.
त्याला जीव म्हणतात. तो नसला
तर तार वाजते, पण बोलत नाही.
त्याच रिळातली एक पाकळी सोडवली,
मेण लावलं, श्वास धरून सुईला गाठ मारली.
तिसऱ्या खेपेला बसली.
सुई गरगरली, मग दमल्यासारखी थांबली.

तेवढ्यात आतल्या खोलीत मुबारकनं
जवारी बघायला खर्ज छेडला,
आणि सुई थरथरली.
आम्ही दोघांनी पाहिलं.
तार पोलादी नाही, पितळी आहे, मला माहीत आहे.
फळीचा हादरा असेल. तिला तसं म्हटलंही.
ती काही बोलली नाही, किल्ल्या मात्र
कमरेच्या काढून बाकावर ठेवल्या.

चाळीस रुपये घेतले.
काच बदलून देतो म्हटलं तर नको म्हणाली.
तडा आज्जानंच पाडलाय,
लागोपाठ फुल्या पडल्या त्या साली.

पेटी बांधली, चहाच्या गाड्यापर्यंत गेली,
परत आली किल्ल्या न्यायला.
उंबऱ्यातूनच विचारलं, खर्ज किती खोल असतो?

फुटांत मला सांगता येईना.
जतची गाडी चार चाळीसची.